आधी इगतपुरी, मग बाकीचा देश

बातमी आली तेव्हा मी फोनवर एका गृहस्थांशी खिडकीच्या जागेवरून बोलत होतो. मंगळवार होता. सकाळपासून लाइट नव्हती म्हणून गंगापूर रोडवरच्या आमच्या एका खोलीच्या ऑफिसात दार उघडं टाकून उजेडाला बसलो होतो. गृहस्थांचं म्हणणं, खिडकी मिळणार असेल तरच सहलीला येतो. मी त्यांना समजावत होतो, तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. "एक मिनिट हं," म्हणून मी रिसीव्हर टेबलावर ठेवला.

ओंकारेश्वरच्या लॉजचे मॅनेजर होते. दिवाळीनंतरच्या सहलीसाठी खोल्या बघायला ताई, माझी थोरली बहीण, आदल्या दिवशी तिकडे गेली होती. सकाळी चहा पिता पिता खुर्चीतच गेली. मॅनेजर हिंदीत बोलत होते आणि फार हळू बोलत होते. मी सगळं ऐकून घेतलं, कुठे यायचं ते विचारलं, त्यांचे आभार मानले.

मग टेबलावरचा रिसीव्हर उचलला. गृहस्थ थांबलेले होते.

"मग खिडकी नक्की ना?"

"नक्की," मी म्हणालो.

ताई असती तर त्यांना खिडकी सोडाच, गाडीसुद्धा मिळाली नसती!

पुढचे दिवस इंदिरानगरच्या आमच्या घरी माणसांची रीघ लागली होती. भेटायला येणारा पाणी प्यायचा आणि मग हळूच म्हणायचा, "आमचा एक किस्सा सांगू का?" असे किस्से कोणी जमवत नाही. दारातल्या चपलांसारखे ते आपोआप जमतात, आणि मग कुठला कोणाचा ते कळत नाही. "ताईंनी मला नापास केलं होतं," हे तर लोक इतक्या अभिमानाने सांगायचे की पास झालेल्यांना कानकोंडं व्हावं!

त्याच दिवसांत ऑफिसचा फोनही वाजत होता. "इगतपुरीची सहल होणार ना?" मला काय सांगावं कळेना. गाडी, बुकिंग, लॉज, आचारी, हे सगळं मला येत होतं. छापखान्यातली नोकरी सोडून इतकी वर्षं मी तेच करत आलो होतो. मला फक्त कोणाला नाही म्हणता येत नव्हतं. आणि आमचा धंदा नेमका नाही म्हणण्यावर उभा होता.

*

ताई टेलिफोन खात्यात ट्रंक कॉलच्या बोर्डावर होती. नव्वदनंतर एसटीडीचे बूथ गल्लोगल्ली झाले, तशी तिने नोकरी सोडली आणि सहली सुरू केल्या. पहिलीच सहल दक्षिणेची. त्या गाडीत एक निवृत्त साहेब होते. म्हैसूरचा राजवाडा पाहून ते म्हणाले, "देखभाल नाही." मदुराईचं देऊळ पाहून म्हणाले, "अंतर फार." कन्याकुमारीला सगळी गाडी हात जोडून उभी, आणि साहेब घड्याळ बघून म्हणाले, "उशिरा उगवला!"

पंधरा दिवसांत त्यांनी गाडीतल्या प्रत्येकाचं प्रत्येकाशी भांडण लावून दिलं. नाशिकला उतरल्यावर लोक एकमेकांचा निरोपसुद्धा न घेता रिक्षात बसले.

ताई घरी आली, पाय धुतले आणि म्हणाली, "विनू, आपण भेंडी मोडून घेतो, नारळ वाजवून घेतो. आणि पंधरा दिवस बरोबर राहायचं माणूस न बघता घ्यायचं?"

तिथून चाचणी सहल निघाली. पावसाळ्यात एक दिवस इगतपुरी. दिवाळीनंतरच्या मोठ्या सहलीला यायचं असेल त्याने इगतपुरीला यायलाच हवं. लोकांना सांगायचो, "आपसात ओळख व्हावी म्हणून." खरं म्हणजे परीक्षा! इगतपुरीच का, असं मी तिला विचारलं होतं.

"तिथे छत्री उलटते, चष्म्यावरून पाणी वाहतं आणि भजं तोंडात जाईपर्यंत गार होतं," ताई म्हणाली. "अशा वेळी माणूस फार वेळ चांगला वागू शकत नाही. असेल तसा दिसतो."

पेपरही तिनेच काढलेले. घोटीच्या टपरीवर चहा मुद्दाम थोडे कमी सांगायचे. जेवणानंतर पुढच्यांना मागे बसवायचं, मागच्यांना पुढे. आणि सगळ्यांत अवघड पेपर ड्रायव्हर काशीनाथकडे. काशीनाथ घोटीच्या पलीकडच्या खेड्यातला. गाडी मोकळ्या रस्त्याला लागली की तो हळूच विचारायचा, "ताई, आज पंक्चर व्हायचं का?"

ताईने मान हलवली की गाडी कडेला थांबायची आणि काशीनाथ धडधाकट चाकावर पान्याने ठाकठूक करत बसायचा. आत कोण काय बोलतंय, ते ताई ऐकायची.

सोमवारी फोन. पास झालेल्यांना, "या, पैसे भरून टाका." आणि नापास झालेल्यांना, "अहो, या वेळी गाडी भरली हो!"

*

आमच्या कॉलनीतल्या एक बाई चाचणीला आल्या होत्या. दिवसभर हसतमुख. एक तक्रार नाही. संध्याकाळी मी म्हणालो, "ताई, या तर पहिल्या नंबरने पास."

"नापास."

"का? काय चुकलं त्यांचं?"

"विनू, चहा छान, टपरी छान, पाऊस छान, आणि गाडी खड्ड्यात आदळली तर खड्डासुद्धा छान! पंधरा दिवस एवढं छान कोण सहन करणार?"

ताई गेल्यावर त्या बाई भेटायला आल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "ताईंनी मला नाही म्हटलं ना, तेसुद्धा किती छान म्हटलं होतं हो!"

*

एकदा डॉक्टर आले. तरुण, शांत, स्वभावाने गोड. गाडी द्वारका चौकातून बाहेर पडेपर्यंत सगळ्यांना कळलं की हे डॉक्टर आहेत. विल्होळीपर्यंत दोघांनी त्यांना जीभ दाखवली. घोटीला चहाच्या टपरीवर एका आजोबांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला. इगतपुरीला जेवताना पलीकडच्या पंगतीतून आवाज आला, "डॉक्टर, ही कढी मला चालेल का?" डॉक्टर प्रत्येकाला उत्तर देत होते. स्वतःची कढी गार.

परत येताना ताईने त्यांना बाजूला घेतलं. "डॉक्टर, तुम्ही पास आहात. बाकी सगळी गाडी नापास झालीय. काय करू सांगा."

डॉक्टर हिरमुसले. बायकोला केरळ दाखवायचं त्यांनी कबूल केलं होतं.

"यंदा दुसऱ्या गटाबरोबर पाठवते," ताई म्हणाली. "पण डॉक्टर आहे म्हणून सांगू नका."

"मग काय सांगू? बँकेत आहे म्हणू?"

"छे! कर्ज मागतील."

केरळहून आल्यावर डॉक्टर पेढे घेऊन ऑफिसात हजर. चेहरा टवटवीत. ताईने विचारलं, "काय सांगितलंत शेवटी?"

"गणिताचा मास्तर आहे म्हणालो. पंधरा दिवस कोणी जवळसुद्धा फिरकलं नाही!"

*

सिडकोतलं एक जोडपं होतं. दोघं पन्नाशीचे. घोटीला चहा कमी पडले, तेव्हा त्या बाईंच्या हातात ग्लास आला होता. नवऱ्याने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि प्यायला. रागाने नाही, भांडून नाही. सवयीने. बाईही सवयीने पावसाकडे बघत उभ्या राहिल्या.

सोमवारी ताईने फोन केला, "या वेळी गाडी भरली हो."

गुरुवारी बाई एकट्याच ऑफिसात आल्या. पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

"यांना जागा नाही म्हणालात."

"हो ना, या वेळी जरा..."

"ते बरोबरच केलंत. मला आहे का?"

ताईने हातातलं पेन खाली ठेवलं. ती म्हणाली, "तुमच्या मिस्टरांना चालेल?"

"त्यांना नाही विचारलेलं. तुम्हाला विचारतेय."

बाई राजस्थानला आल्या. उंटावर बसल्या. जैसलमेरला वाळूत चप्पल हरवली तर अनवाणी हसत फिरल्या. संध्याकाळी मात्र त्या एसटीडी बूथमधून घरी फोन लावायच्या आणि बाहेर रांगेत उभ्या असलेल्या आम्हाला रोज तेच ऐकू यायचं: "डाव्या हाताला. अहो डाव्या. निळ्या झाकणाचा डबा. नाही, ते मीठ आहे!"

नाशिकला गाडी पोचली तेव्हा नवरा स्टॉपवर उभा होता. हातात थर्मास. त्याने झाकणात चहा ओतला आणि आधी बायकोला दिला. मग ताईला, मग मला, मग काशीनाथला. शेवटी थर्मास उपडा केला, तर त्याच्या वाट्याला दोन थेंब. ते प्यायला आणि म्हणाला, "साखर जरा जास्त झाली का हो?"

बाईंनी दुसरा घोट घेतला. "मीठ नाही, तेच पुष्कळ आहे!"

गाडीच्या पायरीवर उभ्या ताईने माझ्याकडे बघितलं. "विनू, पुढच्या वर्षी दोन जागा."

*

दोन हजार सालानंतर एक अडचण झाली. परीक्षेची गोष्ट गावभर फुटली! चाचणीला येणारे घरून तयारी करून यायला लागले. चहा कमी पडला की एकमेकांना "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या" करत ग्लास गार व्हायचा. मागच्या सीटवर बसायला तर मारामारी!

अशाच एका वर्षी पाऊस धो धो पडत होता आणि इगतपुरीच्या अलीकडे गाडी कडेला थांबली. काशीनाथ खाली उतरला, भिजून वर आला आणि म्हणाला, "ताई, खरंच बसलंय चाक. आन् स्टेपनीतबी हवा नाय."

ताईने उभं राहून सगळ्यांना सांगितलं. गाडीभर हसू पसरलं. पहिल्या रांगेतल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आम्हाला अजिबात घाई नाही, ताई. होऊ द्या सावकाश."

"अहो, ही खरी पंक्चर आहे!"

"हो, हो." मागून कोणीतरी म्हणालं, "खरी समजूनच आम्ही शांत बसलोय!"

"दोघं-तिघं खाली उतरा, जाणाऱ्या ट्रकला हात करा. काशीनाथला टायर घेऊन घोटीला जायचंय."

कोणी हललं नाही. एकाने अंताक्षरी सुरू केली. एका काकूंनी चिवड्याचा डबा फिरवला आणि ताईच्या हातावर मूठभर ठेवत हळूच म्हणाल्या, "आमचं वागणं बरोबर चाललंय ना?"

तेव्हा ताई ओरडली! आयुष्यात मी तिला तेवढं एकदाच ओरडताना ऐकलं. काय काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. मग तीच छत्री न घेता खाली उतरली आणि रस्त्याच्या मध्यावर जाऊन ट्रकला हात केला.

आत टाळ्या. मुख्याध्यापिका शेजारणीला म्हणाल्या, "काय काम करतात हो!"

टायर ट्रकवर चढवून काशीनाथने हात पुसले. ताईकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, आज समदे पास. तुमीच नापास."

*

ताईचं दिवसकार्य झालं आणि दुसऱ्या दिवशी काशीनाथ घरी आला. ओट्यावर बसला. म्हणाला, "भाऊ, रविवारची गाडी काढायची ना?"

"माणसं कोण बघणार?"

"तुमी."

"मला नाही म्हणता येत नाही, काशीनाथ. मी सगळ्यांना हो म्हणेन. एका वर्षात धंदा बसेल."

"मंग रविवारी नाय म्हनू नका. सोमवारचं सोमवारी बघू. उभ्या गाडीची बॅटरी उतरती."

मी मनाशी ठरवलं, ही चाचणी घ्यायची. एकाला जरी सरळ आवाजात नाही म्हणता आलं तर सहली चालवायच्या. नाही तर दिवाळीआधी सगळ्यांना फोन करून बंद झाल्याचं कळवायचं.

रविवारी गाडी भरली. त्यात एक बोराडे काका होते. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटेच आलेले, पहिल्यांदाच. पायरी चढता चढता म्हणाले, "पायरी उंच आहे." बसल्यावर म्हणाले, "सीट खोल आहे." गाडी सुटली, तर, "हा हॉर्न आहे का भोंगा?" काशीनाथने माझ्याकडे बघितलं. ही परीक्षा अवघड नव्हती. उत्तर पायरीवरच लिहिलेलं होतं.

घोटीला मी चहा कमी सांगू शकलो नाही. सगळ्यांचे सांगितले. बोराडे काकांनी एक घोट घेतला आणि ग्लास घेऊन थेट टपरीवाल्याकडे गेले. "याला चहा म्हणतोस? पाणी कुठलं? आलं कुठंय?" त्यांनी पातेलं ओतायला लावलं आणि शेजारी उभं राहून नवा चहा करून घेतला, सगळ्या गाडीचा. तो चहा चांगला झाला होता. काका म्हणाले, "बराय. पण ग्लास लहान!"

पुढे पाऊस वाढला. मी दारात दांडा धरून उभा होतो. इतकी वर्षं तिथेच उभा राहत आलेलो. तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला.

"अहो, ही पुढची एकटी सीट रिकामी का?"

जुन्या लोकांना माहीत होतं. काशीनाथ समोर बघत म्हणाला, "तिथं ताई बसायच्या."

"असं. मग आता त्या येणार आहेत का?"

चौथ्या रांगेतल्या आजी पुढे वाकून मला म्हणाल्या, "अहो, यांना आत्ताच सांगून टाका. कशाला सोमवारची वाट बघता?"

"नाही ना येणार?" बोराडे काका उभे राहिले होते. "मग तुम्ही दारात काय लटकलाय? चालवणारा माणूस दारात भिजतोय आणि सीट कोरडी! ही काय पद्धत आहे? बसा आधी!"

मी बसलो.

काशीनाथच्या डोक्यावरच्या आरशात सगळी गाडी दिसत होती. एकेक चेहरा, खिडकीकडे वळलेला, शेजाऱ्याशी बोलणारा, डुलकी घेणारा. ताई कधी मान वळवून मागे बघत नसे. काशीनाथने एक हात वर केला आणि आरसा थोडा खाली वळवला. ताई माझ्यापेक्षा उंच होती.

आरशात बोराडे काका आजींच्या खिडकीच्या फटीत स्वतःचा हातरुमाल कोंबत होते. "रबर गेलंय," ते म्हणत होते. "कोणी बघत कसं नाही?" आजी तोंड फिरवून बसल्या होत्या, पण त्यांनी रुमालाचं दुसरं टोक धरलं होतं.

संध्याकाळी गंगापूर रोडला काका सगळ्यांत शेवटी उतरले. पुन्हा पायरी उंच असल्याचं सांगितलं. छत्री उघडली आणि म्हणाले, "सहल काही खास झाली नाही. दिवाळीनंतर कुठे नेताय?"

"सोमवारी फोन करतो," मी म्हणालो.

सोमवारी सकाळी मी ऑफिस उघडलं आणि फोन करायला बसलो. बहुतेकांना "या" म्हणालो. तिघांना "गाडी भरली हो" म्हणालो. आवाज सरळ आला. मग काशीनाथला बोलावून गाडीचं सर्व्हिसिंग कधी करायचं ते ठरवलं, आणि ओंकारेश्वरला खोल्यांसाठी फोन लावला.

बोराडे काकांना फोन करायचा राहिला. त्याला आता कितीतरी दिवाळ्या झाल्या, आणि दर वर्षी काका पायरी उंच असल्याचं सांगत आपणहून गाडीत चढतात. तो फोन अजून केलेला नाही.